दगडाखालचा पत्ता

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटरस्त्यावर रात्री नऊनंतर डोक्याला टॉर्च बांधलेली चार-दोन माणसं दरडीशी नाक लावून उभी दिसली, तर त्यांची गाडी बंद पडलेली नसते आणि ती वाटही चुकलेली नसतात. ती विंचू शोधत असतात. किंवा बेडूक, पाली, कोळी, खेकडे; समोर येईल ते. त्यांतला एखादा अर्ध्या तासात दहा पावलंही सरकलेला नसतो, आणि त्याबद्दल त्याला काही वाटतही नाही.

वाघ पाहायचा तर जीप लागते, अंतर कापावं लागतं आणि नशिबाची साथ लागते. लहान जिवांचा हिशोब निराळा. ते जवळपास कुठेही असतात. प्रश्न असतो तो नेमक्या जागेचा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो खरं, पण बरेचसे विंचू कमालीचे घरकोंबडे. एकच बीळ, एकच कपार धरून महिनोन्‌महिने राहायचं आणि भक्ष्य दाराशी येण्याची वाट पाहायची, अशी त्यांची रीत. त्यामुळे त्यांचा शोध म्हणजे त्यांच्या घरांचा शोध.

अशा शोधासाठी सह्याद्रीचा दक्षिण कोकणातला माथा फार सोयीचा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, घाटाच्या अगदी कडेला वसलं आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित झाडांची गच्च राई, आणि तिला लागूनच जांभ्या दगडाचा उघडाबोडका सडा. ओला पालापाचोळा, झाडांच्या ढोल्या, खडकाच्या भेगा, भुसभुशीत माती आणि घाट फोडताना उघड्या पडलेल्या दरडी असे पाच-सहा तऱ्हांचे निवारे हाकेच्या अंतरावर मिळतात. प्रत्येक निवाऱ्याचे रहिवासी वेगळे.

घर ओळखायचं कसं?

विंचवाच्या शरीराकडे पाहून त्याचं घर सांगता येतं. जमिनीत बीळ करणारे काळे विंचू, ज्यांना गावाकडे इंगळी म्हणतात, ते जाडजूड, चिमटे फुगीर आणि भक्कम. हे चिमटे माती उकरायला आणि बिळाचं तोंड अडवायला कामी येतात. खडकाच्या भेगांत राहणारे विंचू चपटे. इतके की जिथे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल अशा फटीत ते आरामात शिरतात. झाडाच्या सालीखाली राहणारे लहान, सडपातळ आणि चपळ, रंगाने सालीत मिसळून जाणारे. उघड्या माळावर आणि दगडांच्या राशीत सापडतो तो लाल विंचू. त्याचे चिमटे बारीक, पण शेपूट जाड.

यातून विंचू शोधणारे एक ठोकताळा बांधतात: चिमटे जाड आणि शेपूट बारीक असेल तर विष बहुधा सौम्य, चिमटे नाजूक आणि शेपूट जाड असेल तर चार हात लांब राहावं. हा ठोकताळाच आहे, नियम नव्हे. पण भारतापुरता तो बऱ्यापैकी टिकतो. भारतात आणि श्रीलंकेत सापडणारा एक काळा विंचू वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. जगातल्या सर्वांत मोठ्या विंचवांत त्याची गणना होते, आणि त्याचा दंश दुखला तरी सहसा जिवावर बेतत नाही. माणसं मारणारा लाल विंचू त्याच्या निम्म्यानेही नसतो.

बिळाचं तोंडही बोलकं असतं. विंचवाच्या बिळाचं दार खालून सपाट आणि वरून कमानदार, म्हणजे आडव्या चंद्रकोरीसारखं दिसतं, कारण आत शिरणारं अंगच रुंद आणि बसकं. मोठ्या केसाळ कोळ्याचं, म्हणजे टॅरँट्युलाचं बीळ गोल असतं आणि त्याच्या काठाला रेशमाचं अस्तर असतं. दाराबाहेर भुंग्यांच्या पंखांचे तुकडे किंवा वाणी किड्याच्या अंगाची वेटोळी पडली असतील, तर घरमालक आत आहे असं समजायला हरकत नाही.

दिवसा शोधायचं तर दगड उलटावे लागतात, आणि त्याची एक पद्धत आहे. दगडाची आपल्यापासून लांब असलेली कड धरून तो आपल्याकडे कलता करायचा. म्हणजे उघडलेली फट पलीकडे राहते आणि खाली फुरसं असलंच तर त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये दगड राहतो. बोटं कधीही दगडाखाली घालायची नाहीत. काठी किंवा आकडी वापरायची. कोकणातल्या सड्यांवर फुरसं हा काल्पनिक धोका नाही.

जांभळा उजेड

रात्रीचा शोध सोपा केला तो अतिनील प्रकाशाने. या प्रकाशात विंचू निळसर हिरवा चमकतो. विसाव्या शतकाच्या मध्याला शास्त्रज्ञांनी ही गोष्ट नोंदवली आणि १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या हर्बर्ट स्टाह्न्के यांनी अतिनील दिवा हे विंचू शोधण्याचं उपयुक्त साधन असल्याचं लिहिलं. तोवर रात्रभर फिरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विंचू दिसत. अतिनील दिव्यात ते कित्येक पावलांवरून, गवताच्या काड्यांआडूनही उठून दिसू लागले.

चमक येते ती विंचवाच्या कवचाच्या अगदी वरच्या, पातळ थरातून. त्यात असलेली काही रसायनं अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. त्यांपैकी दोन, बीटा-कार्बोलीन आणि कौमारिन गटातलं एक संयुग, १९९९ आणि २००१ मध्ये ओळखली गेली. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होत जातं तशी चमक चढते. संग्रहालयात अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलेले विंचू अनेक दशकांनंतरही चमकतात, आणि कधी कधी बरणीतलं अल्कोहोलसुद्धा.

विंचवाला या चमकण्याचा उपयोग काय, यावर मात्र एकमत नाही. एक मत असं की हा कवच घट्ट होण्याच्या प्रक्रियेचा निव्वळ आनुषंगिक परिणाम आहे. अमेरिकी संशोधक डग्लस गॅफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी शक्यता पुढे आणली. विंचू आपल्या सबंध अंगाने प्रकाश टिपत असावा. अंगाचा एखादा भाग पानाच्या सावलीत गेला की तिथली चमक कमी होते, आणि त्यावरून लपायला जागा कुठे आहे हे त्याला कळत असावं. चांदण्या रात्री अनेक जातींचे विंचू बिळाबाहेर कमी पडतात, ही गोष्ट या कल्पनेशी जुळते. म्हणूनच जाणती माणसं विंचू शोधायला अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडतात.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अतिनील टॉर्चचा प्रकाश ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. त्यात बराच जांभळा उजेड मिसळलेला असल्याने सगळं जंगलच जांभळं दिसतं. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च महाग पडते, पण तिच्या उजेडात भोवताल काळा राहतो आणि विंचू तेवढा पेटल्यासारखा दिसतो. तरी फसगत होतेच. झाडावरची दगडफुलं नारिंगी-पिवळी चमकतात, हिरवी पानं लालसर दिसतात, काही वाणी किडे निळे उजळतात आणि पर्यटकाने टाकलेला कागदी रुमाल तर सगळ्यांहून जास्त. शोधणाऱ्याच्या डोळ्याला विंचवाचा हिरवा आणि कागदाचा पांढरट निळा यातला फरक दोन-तीन रात्रींत कळू लागतो.

एक पथ्य पाळावं लागतं. विंचू दिसला की अतिनील टॉर्च त्याच्यावर रोखून धरायची नाही. हा प्रकाश त्याला नकोसा असतो, तो जागा सोडून पळतो. शिवाय फार वेळ अतिनील प्रकाशात ठेवलेल्या विंचवांची चमक मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या डोळ्यांनाही हा प्रकाश चांगला नाही. विंचू सापडेपर्यंत अतिनील, सापडल्यावर मंद पांढरा उजेड, हे योग्य.

अंगभर कान

पांढऱ्या उजेडात निवांत पाहिलं तर विंचू दाखवतो ते थक्क करणारं असतं. अंजनीच्या बुंध्यावर सालीच्या फटीतून एक लहानसा विंचू अर्धा बाहेर आलेला आहे. चिमटे पुढे, उघडे, स्थिर. शेपूट एका बाजूला आडवी टाकलेली. डोळे डोक्याच्या मधोमध दोन, कडेला आणखी काही जोड्या, तरी नजर यथातथाच. बोटभर अंतरावरून एक रातकिडा चालत येतो. विंचू हलत नाही. रातकिडा थांबतो, तोही थांबतो. रातकिड्याने पाय उचलला की मात्र चिमटा मिटलेला असतो. शेपूट वरून येते, नांगी एकदा टेकते, आणि मग पुढचा बराच वेळ तो मुकाट्याने खात राहतो.

न पाहता नेम कसा साधला? याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या विंचवांनी दिलं. १९७० च्या दशकात फिलिप ब्राउनेल यांनी तिथल्या वाळूत राहणाऱ्या विंचवांवर प्रयोग केले. विंचवाच्या आठही पायांवर कंपनं टिपणाऱ्या बारीक चिरा असतात. पाय गोलाकार पसरलेले असल्याने कंपन आठ पायांना किंचित मागेपुढे पोचतं. हा फरक एक हजारांश सेकंदापेक्षाही कमी असतो, तरी तेवढ्यावरून विंचू दिशा ठरवतो आणि वाळूखाली हात-दीड हातावर दडलेलं झुरळ अचूक गाठतो. म्हणजे शोधणाऱ्याचं जड पाऊल त्याला केव्हाच कळलेलं असतं. हळू चालण्याचं हे खरं कारण.

पोटाखाली, पायांच्या शेवटच्या जोडीमागे, विंचवाला दोन कंगवे असतात. असा अवयव दुसऱ्या कुठल्याही प्राणिगटाकडे नाही. चालताना तो हे कंगवे जमिनीवरून फिरवतो आणि वास घेतो. नराचे कंगवे बहुधा मोठे आणि जास्त दात्यांचे, कारण मादीच्या वाटेचा माग त्यालाच काढायचा असतो. मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. पांढरीफटक पिल्लं चढून आईच्या पाठीवर बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथून उतरत नाहीत. पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात, ही समजूत निराधार आहे.

शेजारीपाजारी

विंचू शोधायला निघालेल्याला विंचवाहून जास्त इतरच काही सापडतं. टॉर्च कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत धरली की पाचोळ्यात हिरवे ठिपके लुकलुकतात. दवबिंदूही चमकतात, पण मान हलवली की त्यांची चमक तुटते. हे ठिपके टिकून राहतात. ते असतात जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत मांजरासारखा, प्रकाश परतवणारा पडदा असतो.

ओल्या दगडाखाली कधी विंचवासारखाच, पण शेपटीऐवजी चाबकासारखा बारीक दोरा असलेला जीव सापडतो. त्याला छेडलं तर व्हिनेगरचा वास येतो. तो शेपटीच्या बुडातून ॲसिटिक आम्ल फवारतो. त्याला नांगी नाही आणि विषही नाही. पाचोळा चाळणीतून चाळला तर काही मिलिमीटरचे, चिमटे असलेले पण शेपूट अजिबात नसलेले छोटे जीव निघतात. त्यांना स्यूडोस्कॉर्पियन म्हणतात. दूरचा प्रवास ते भुंग्यांच्या किंवा माश्यांच्या पायाला चिकटून फुकटात करतात.

सड्यावर पहिल्या पावसाची उथळ डबकी साचली की आंबोलीचा खास भेक बाहेर पडतो. अंगावर पिवळसर पट्टे असलेला हा भेक २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून जगासमोर आला आणि त्याच्यासाठी व त्याच्या कोयनेतल्या भाऊबंदासाठी झँथोफ्रिन ही नवी प्रजातीही तेव्हाच ठरवण्यात आली. आंबोली परिसराबाहेर तो आढळत नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा पांढरा गोळा लटकताना दिसला तर ते मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं काही दिवसांनी त्यातून खालच्या पाण्यात टपकतात. आणि जवळच्या वेलीवर चापडा हा विषारी साप बेडकांच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला असू शकतो. म्हणून हात कुठेही टेकण्याआधी टॉर्च मारायची.

काही जिवांसाठी उजेडाचा उपयोगच नाही. देवगांडूळ हा पाय नसलेला उभयचर प्राणी ओल्या मातीत राहतो. त्याच्यासाठी कुदळ घेऊन ओढ्याकाठची माती सावकाश उकरावी लागते. अशाच शोधातून २००३ मध्ये आंबोलीच्या एका देवगांडुळाचं वर्णन झालं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव त्याला मिळालं. आणि सगळे दिवे विझवून पाच मिनिटं अंधारात उभं राहिलं, तर भीमाशंकरपासून गोव्याच्या म्हादई अभयारण्यापर्यंत, भर पावसाळ्यात, कुजक्या फांद्यांवरची बुरशी मंद हिरवी उजळलेली दिसू शकते. ही चमक तिची स्वतःची. तिला कुठल्याच टॉर्चची गरज नाही.

नाव देणारे

सापडलेल्या जिवाला नाव मिळेपर्यंत तो शास्त्राच्या दप्तरी नसतोच. भारतीय विंचवांच्या नोंदीची सुरुवात मोठ्या प्रमाणावर लंडनमध्ये झाली. ब्रिटिश म्युझियमचे आर. आय. पोकॉक यांनी १९०० मध्ये ब्रिटिश भारतातील अष्टपादांवर ग्रंथ लिहिला. नमुने मात्र इथून जात. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद ते पाठवत. सोसायटीचे मानद सचिव हर्बर्ट फिप्सन हे व्यवसायाने मद्याचे व्यापारी. सोसायटीला सुरुवातीच्या काळात जागा मिळाली ती त्यांच्याच पेढीत. पश्चिम भारतातल्या एका काळ्या विंचवाच्या जातीला पोकॉकने त्यांचंच नाव दिलं.

त्यानंतरचा मोठा टप्पा १९८३ चा. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे बी. के. टिकादर आणि पुण्याचे डी. बी. बस्तावडे यांनी भारतातल्या विंचवांवर सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. पुढे कितीतरी नव्या अभ्यासकांची सुरुवात त्यातूनच झाली. नव्या जाती सापडायला दुर्गम जंगलच लागतं असंही नाही. २०१० मध्ये लायकस आरेयेन्सिस या नावाने वर्णन झालेला विंचू मुंबईतल्या आरे वसाहतीतला. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या लोरेन्झो प्रेन्डिनी आणि स्टेफनी लोरिया यांनी आशियातल्या काळ्या विंचवांची फेरमांडणी केली, तेव्हा एका प्रजातीच्या अनेक प्रजाती झाल्या. त्यांतल्या दोघींची नावं डेक्कनोमेट्रस आणि सह्याद्रिमेट्रस. फिप्सनचा विंचू आता डेक्कनोमेट्रस आहे. जगात विंचवांच्या अडीच हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि भर पडतेच आहे.

महाडचा धडा

विंचवाचं वेड लागलेल्यानेही लाल विंचवाला मान द्यावा. त्याच्या विषाने शरीरातल्या स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठतं, रक्तदाब भडकतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचतं. १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे मृत्यू एकामागून एक पाहिले. त्यांनी रुग्णांशेजारी रात्र-रात्र बसून लक्षणं टिपली. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं, आणि एके काळी गंभीर रुग्णांत दहांतले तीन-चार दगावत ते प्रमाण शेकड्यात एक-दोनवर आलं. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ध्यानात ठेवायचं ते असं, की लाल विंचू दाट जंगलापेक्षा माळावर, दगडांच्या गडग्यात, सरपणात आणि घराच्या कौलांत जास्त असतो. जंगलात बूट घालून सावध फिरणारा माणूस मुक्कामाच्या जागी सकाळी तेच बूट न झटकता घालतो आणि तिथे दंश होतो. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं यांपैकी काहीही दिसलं तर मंत्र-तोडगे न करता थेट दवाखाना गाठावा. मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. दोडामार्ग-बांदा भागात जानेवारी ते मेदरम्यान गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचीही काळजी घ्यावी लागते. अंगभर कपडे आणि परतल्यावर अंग नीट तपासणं हा त्यावरचा साधा उपाय.

मूठभर मुलूख

लहान जिवांच्या शोधाला एरवी छंदाचं मोल असतं, पण त्याचा एक निष्कर्ष गंभीर आहे. वाघ एका जंगलातून दुसऱ्यात जाऊ शकतो. कपारीतला चपटा विंचू, सड्यावरचा भेक किंवा मातीतलं देवगांडूळ जाऊ शकत नाही. त्यांचा मुलूख एखादा डोंगर, एखादा सडा, कधी एखादा ओढा एवढाच. जांभ्याची एक खाण, एक वणवा किंवा रबराची एक लागवड अशी सगळी जात धोक्यात आणू शकते. सर्वेक्षणात नोंदच नसेल तर ती गेल्याचंही कुणाला कळणार नाही.

शोधणाऱ्यांची संख्या वाढते आहे, तसा त्यांचाही भार जंगलावर पडतो. छायाचित्रासाठी फांदीवरून बेडूक उचलून सोयीच्या पानावर बसवणं, साल सोलणं, दगड उलटून तसाच टाकणं हे सर्रास चालतं. उलटून पडलेल्या दगडाखालची ओल एका दुपारच्या उन्हात जाते, आणि त्या ओलीवर जगणारे रहिवासीही. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही पकडणं वा नेणं हा गुन्हा आहे. पण परवानगी हातात असतानाही दगड जसा होता तसाच, त्याच खळग्यात, हलक्या हाताने परत ठेवणं हे या कामातलं पहिलं कौशल्य मानलं पाहिजे. सापडलेल्या दुर्मीळ जिवाचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण त्याचा बाजारही तयार असतो.

एवढ्याशा मुलखाचं रक्षण करता येतं, याचं उदाहरण आंबोलीतच आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, देवळाजवळच्या पाण्यात राहणाऱ्या एका बोटभर माशाचं २०२० मध्ये वर्णन झालं. त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिचं क्षेत्रफळ सुमारे दोन हेक्टर आहे.